भिंतीतलं भोक

नारळाच्या झाडाला हिरवा रंग मारणारा माणूस अश्वजितनं आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला. तो माणूस शिडीवर उभा होता, गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा होता आणि वाळून पिवळ्या झालेल्या झावळीवर तो भिंतीला मारायचा ब्रश फिरवत होता. खाली हेमराज कमरेवर हात ठेवून सूचना देत होता.

"अरे, खालच्या बाजूनं बी मार ना बावा! लोकं फोटो खालूनच काढतेत."

अशी अकरा झाडं होती. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात ट्रकनं आणून लावलेली आणि यंदाच्या मे महिन्यात झाडून सगळी मेलेली. भंडारा जिल्ह्यात, जिथे मे महिन्यात पाण्याच्या पितळी गुंडाला हात लावला तर फोड येतो, तिथे कोणी नारळ लावतं का? पण हेमराजला सांगणार कोण! तुमसरला त्याच्या दोन राइस मिल होत्या, आणि पैसा झाला की माणसाला सगळ्यातलं सगळं कळायला लागतं. दोन वर्षांपूर्वी तो बायकोला घेऊन समुद्राकाठच्या एका गावी फिरायला गेला होता. तिथे जुनी घरं आणि बागा तिकीट लावून दाखवतात म्हणे. शिंपल्यांच्या खिडक्या, नारळाची झाडं, दारात जहाजाचा नांगर. हेमराज परत आला तो चारशे फोटो आणि एक कल्पना घेऊन. चिखला गावाच्या पुढच्या बंद पडलेल्या जुन्या मॅंगनीज खाणीचा साहेबी बंगला त्यानं तीस वर्षांच्या करारानं घेतला आणि समुद्राकाठी जे जे पाहिलं ते ते इथे आणून ठोकलं. फाटकाशी जहाजाचा नांगरसुद्धा होता. तो लाखनीला हायवेवरच्या गॅरेजात ट्रकच्या जुन्या ॲक्सलपासून बनवून घेतलेला होता.

"जिल्हा तुटला, तवा नवेगावचा बांध, लोकं फिराले जातेत तो, गेला गोंदियाकडे," हेमराज भेटेल त्याला सांगायचा. "आपल्या वाट्याले काय आलं? काई नाई. मंग आपुनच बनवाचं ना जी!"

अश्वजित मेश्रामनं या बागेत एकतीस वर्षं माळीकाम केलं होतं. खाण बंद झाली तेव्हा नोकरीही संपली, आणि त्यानंतर त्यानं मुद्दामच इकडे पाऊल टाकलं नव्हतं. आज आला तो नातीसाठी. फाटकातून आत आल्यावर तो आधी वाफ्यांकडे गेला. वाफ्यांच्या कडेला बसवलेले मॅंगनीजचे काळे वजनदार दगड, जे त्याच्या आईनं, बायजाबाईनं, डोक्यावरून वाहून आणले होते, ते गुलाबी रंगवले होते. गुलाबाच्या जागी प्लॅस्टिकची हिरवळ अंथरली होती. समोरच्या बकुळीला दिव्यांच्या माळा लटकवायला बोटबोटभर लांबीचे खिळे ठोकले होते आणि त्या खिळ्यांखालून डिंक गळत होता. अश्वजितनं एक खिळा हातानं उपटून पाहिला. निघेना. मेलेल्याला पावडर लावायची आणि जित्याला खिळे मारायचे, असला कारभार पाहून त्याला अक्षरशः किळस आली.

"आबाजी!" रुचिता पायऱ्या उतरून आली. कंपनीनं दिलेली एकसारख्या काठाची साडी, गळ्यात ओळखपत्र, हातात छापील कागद. एवढीशी होती तेव्हा हीच पोर त्याच्या मागं मागं याच बागेत फिरायची. तिची आई ती चौथीत असताना गेली, बाप विनोद बारा महिने ट्रकवर. आजीआजोबांनीच तिला वाढवलं. बी.ए. झाली, दोन वर्षं भरतीच्या परीक्षा दिल्या, दोन मार्कांनी, पाच मार्कांनी राहिली. आता इथे गाइड म्हणून लागली होती.

ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "आज तुमी काई बोलू नोका जी. तीन मैने झाले, मले अजून पक्कं नाई केलं त्याहीनं. आइतवारी नागपूरचे टूरवाले येऊन राहिले. त्याहीले पसंत पडलं का मंग ऑर्डर देतो म्हनते हेमराजभाऊ."

"मी कायले बोलू? मी त आज पावना आहो."

"नाई, तुमचं तोंड पाहून सांगून राहिली."

ऑर्डर मिळाली नाही तर पुण्याला जायचं, हे तिचं ठरलेलं होतं. तिची मैत्रीण तिथे गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात होती, खोलीवर सातवी म्हणून हिला घ्यायला तयार होती. पोर गेली म्हणजे गेली, हे अश्वजितला आणि त्याच्या बायकोला, शकुबाईला, दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. विनोद असाच 'दोन वर्षं करतो ट्रकवर' म्हणून गेला होता.

त्या दिवशी हेमराजनं गावातल्या लोकांना फुकटात फिरवायचं ठरवलं होतं. रंगीत तालीमच म्हणा ना. पंधरावीस माणसं जमली. रुचितानं सगळ्यांना मोठ्या दारातून आत घेतलं. अश्वजित उंबऱ्याशी थबकला. एकतीस वर्षांत तो या दारातून एकदाही आत गेला नव्हता. फुलं द्यायची ती मागच्या पायरीवर, पगार घ्यायचा तो ऑफिसात. त्यानं चपला काढल्या, मग इकडेतिकडे पाहिलं, कोणीच काढल्या नव्हत्या, म्हणून पुन्हा घातल्या.

रुचिता बोलायला लागली आणि त्याला अभिमान वाटला, खोटं कशाला सांगायचं. पुस्तकातल्यासारखी स्वच्छ भाषा, न अडखळता. ही मडमसाहेबांची खोली, हा त्यांचा आरसा. आरसा तुमसरच्या फर्निचरच्या दुकानातला होता, पण असो. शेवटी ती साहेबांच्या निजायच्या खोलीत आली आणि ओसरीकडच्या भिंतीतल्या एका भोकाकडे तिनं हात केला. छातीइतक्या उंचीवरचं, मूठ जाईल एवढं भोक.

"त्या काळी इथे बागेत वाघ येत असत. साहेब पलंगावर बसूनच या भोकातून बंदुकीचा नेम धरत. या एका खोलीतून त्यांनी सात वाघ मारले."

"बाप्पा!" किराणावाला भैय्यालाल पुढे झाला आणि भोकाला डोळा लावून बाहेर पाहू लागला. "इथून त सीधा बकुळीचं झाड दिसते ना जी. वाघ तिथंच बसत असन." लोक हसले. एकेक जण डोळा लावून पाहू लागला. कोणीतरी तोंडातला खर्रा संपवला आणि त्याची रिकामी प्लॅस्टिकची पन्नी मुडपून त्याच भोकात कोंबून दिली.

ती पन्नी पाहिली आणि अश्वजितचं डोकं फिरलं. तो पुढे झाला, दोन बोटांनी पन्नी ओढून काढली आणि भोकाच्या खालच्या काठावरून बोट फिरवलं. खाच होती. करंगळी बसेल एवढी, गुळगुळीत. लहानपणी बापानं त्याला ओसरीत नेऊन एकदाच दाखवली होती तीच.

"वाघाचं नोहोय हे," तो म्हणाला. "पंख्याचं आहे."

रुचितानं डोळे मिटून घेतले.

"आत छताले मोठा कपड्याचा पंखा राहे. त्याची दोरी इथून बाहीर जाये. बाहीर मानूस बसून दिवसरात ओढे, का साहेबाले वारा लागला पायजे. माहा बाप ओढे. यादोराव. हे खाच त्याच्या दोरीनं पडली. वाघगिघ काई नाई."

हेमराज दारातच उभा होता. आता हेमराज भडकणार, पोरीची नोकरी आपण घालवली, असं अश्वजितला वाटलं. आणि हेमराजनं काय करावं? त्यानं दोन्ही हातांनी अश्वजितचा हात धरला आणि गदागदा हलवला.

"मेश्राम काका! हे तुमी आतालोक काहून नाई सांगतलं? अवो, वाघाले कोन विचारते! वाघ त बाजूच्या जंगलात जिता पाहाले भेटते. पन पंखेवाला! तो कुठीच नाई! मी समुद्राकडचे सतरा बंगले पाहिले, एकाबी ठिकानी नोहोता पंखेवाला." मग मागे वळून, "रुची, ते वाघाचं काढून टाक कागदातून. पंखा बनवाले लावतो मी आजच."

अश्वजितनं खोटं पकडलं होतं, आणि पकडून दिलेलं खरं आता हेमराजच्या खिशात गेलं होतं. घरी जाताना रस्ताभर त्याच्या तोंडाला कडू चव होती. तो दोनदा थुंकला, तरी गेली नाही.

तिसऱ्या दिवशी हेमराज स्वतः घरी आला. बरोबर पिशवी. पिशवीतून त्यानं लाल पागोटं काढलं, कमरेचा पट्टा काढला आणि शकुबाईनं पुढं केलेल्या चहाच्या कपाशेजारी मांडला.

"पंखा तयार आहे, काका. आता पंखेवाला पायजे. दुसरा कोनी बसवला असता, पन ओरिजिनल ते ओरिजिनल. बाप ओढत होता अन् पोरगा ओढते, हे नुसतं सांगतलं तरी नागपूरवाले खुश होतीन. आइतवारचा दिवस बसा. मी रुचीची ऑर्डर तिथंच, सगळ्याईसमोर, देतो."

त्यात धमकी नव्हती. तो प्रेमानंच बोलत होता, पोरीसारखी पोर, म्हणत होता. धमकी दिली असती तर अश्वजितनं पागोटं उचलून अंगणात भिरकावलं असतं. प्रेमानं विचारल्यावर काय करायचं? तो पागोट्याकडे पाहत राहिला.

यादोरावाच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला एक वळ होता. वेसणीनं बैलाच्या नाकात घट्टा पडतो, तसा चहूकडून फिरलेला. लहानपणी बापाचे पाय दाबताना अश्वजितचा हात तिथे आला की यादोराव म्हणायचा, "तिथं दाब का नोको दाब, मले समजत नाई." दोरी अंगठ्याला बांधून, पाठीवर पडून, पाय हलवत रात्र काढायची. नऊ वर्षं काढली त्यानं. मग छप्पन साली तो आणि बायजाबाई तुमसरपर्यंत पायी आणि पुढे गाडीनं नागपूरला गेले, दीक्षा घेतली आणि चौथ्या दिवशी परत आले. पाचव्या दिवशी यादोराव पायात चपला घालून साहेबासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "दोरी दुसऱ्याले द्या जी. मी नाई ओढत."

साहेबानं दोरी दुसऱ्याला दिली आणि यादोरावाला खाणीत खाली पाठवलं. चार वर्षांनी बंगल्यात वीज आली आणि पंखेवाले संपले, पण यादोराव काही वरच्या कामावर परत आला नाही. वीस वर्षं त्यानं ती काळी धूळ खाल्ली. शेवटी शेवटी त्याचे हात असे थरथरायचे की पेल्यातलं अर्धं पाणी छातीवर सांडायचं. पण दोरी सोडल्याचा पश्चात्ताप त्याच्या तोंडून कधी कोणी ऐकला नाही. उलट दर दसऱ्याला नवे कपडे घालून तो पोराला सांगायचा, "तू जलमाच्या आंधी मी दोरी सोडली. तुह्या हाती ते नाई येनार." म्हणून तर त्यानं पोराला बागेत चिकटवलं होतं. माती कोणाची नोकर नसते, असं त्याचं म्हणणं.

हेमराज गेल्यावर शकुबाई कप उचलता उचलता म्हणाली, "एका दिवसाचं त काम आहे. मामाजी का पाहाले येऊन राहिले?" आणि मग गेलेल्या सासऱ्याबद्दल असं बोलल्याची लाज वाटून ती आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

रुचिता भिंतीला टेकून बसली होती. "तुमी नोका बसू, आबाजी," ती म्हणाली. पण बोलताना तिनं वर पाहिलं नाही. हातातल्या ओळखपत्राची दोरी ती बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. तिनं हट्ट केला असता, रडली असती, तर त्याला नाही म्हणता आलं असतं.

"आइतवारपुरता बसतो," अश्वजित म्हणाला. "काय होते त्यानं!"

काय होतं ते शनिवारी दुपारी कळलं.

हेमराजनं तालमीला बोलावलं होतं. ओसरीत भिंतीला पाठ लावून, पागोटं घालून अश्वजित बसला. भोकातून नवी कोरी नायलॉनची दोरी बाहेर आली होती. तिचं टोक त्यानं हातात घेतलं, तर हेमराजनं बोलावलेला फोटोग्राफर म्हणाला, "हातात नको काका, अंगठ्याला बांधा. फीलिंग येत नाही." त्यानं बांधली. ओढली. आत पंखा हलला आणि टाळ्या पडल्या. पलंगावर हेमराज आणि त्याचे दोन मित्र पाय पसरून लोळत होते. "अजून जोरात, काका! साहेबाले गरमी होऊन राहिली!" नोव्हेंबर महिना, अंगावर काटा यावा असा गारवा, आणि यांना गरमी होत होती.

"थांबा थांबा," आतून हेमराज ओरडला. "रुची, कागदात इथं अजून एक टाक. पंखेवाला झोपला का साहेब काय करे, मालूम आहे? काका, जरासे डोळे मिटा. झोपल्यासारखे करा."

अश्वजितनं डोळे मिटले. खिडकीतून पेलाभर पाणी आलं आणि थेट त्याच्या तोंडावर पडलं. पागोटं भिजलं, नाकात पाणी गेलं. सगळे हसले. कोणाच्या मनात वाईट नव्हतं, नाटकात एखादा पडला की लोक हसतात तसे हसले. डोळे उघडले तेव्हा त्याला समोर रुचिता दिसली. तीही हसत होती. सगळे हसले म्हणून हसली असेल, एकच क्षण. त्याच्याशी नजर मिळाली आणि तिचं हसू जागच्या जागी मेलं.

पण त्याला किळस आली ती तिची नव्हे, हेमराजचीही नव्हे. पाणी निथळत असताना त्याच्या पायानं दोरी आणखी दोनदा ओढली होती. कोणी सांगितलं नव्हतं. आपोआप. साहेबाच्या पाण्यानं जाग आली म्हणून ओढतात तशी.

त्यानं दोरी सोडली. अंगठ्याला तांबडा वळ उमटला होता. तो चपला घालून घरी आला आणि मोरीत बसून पाय साबणानं दोनदा धुतला.

संध्याकाळी तो बोडीवर, गावाबाहेरच्या लहान तळ्यावर गेला, घमेलंभर काळी माती घेऊन आला. गोठ्यातलं ताजं शेण घेतलं, धानाचा कोंडा घेतला आणि अंगणात बसून मळायला लागला. एकतीस वर्षं त्यानं हेच केलं होतं. फांदी छाटली की लगेच त्या जागेवर हा लेप द्यायचा, नाहीतर पाणी मुरतं आणि झाड आतून सडतं. लहानपणी रुचिता कोपरापर्यंत हात बरबटून हाच गोळा मळू लागायची. आता ती दारात येऊन उभी राहिली.

"आता कोनतं कलम बांधता आबाजी? हा मोसम नोहोय."

"छाटल्यावर लावा लागते."

"काय छाटलं?"

तो गोळा मळत राहिला. तिनं वाकून गोळा चेपून पाहिला. मग आत जाऊन कोंड्याची आणखी एक मूठ घेऊन आली आणि गोळ्यावर टाकली. "सैल झाला होता," एवढंच म्हणाली. त्यानं ओलं पोतं टाकून घमेलं झाकून ठेवलं.

रविवारी सकाळी आठ वाजता अश्वजित बंगल्यावर पोचला तेव्हा फाटकाशी केळीचे खांब बांधणं चाललं होतं. अंगात दसऱ्याला घालायचा पांढरा सदरा होता, डोक्यावर काही नव्हतं, आणि कमरेशी घमेलं.

"काका, आले का?" हेमराज हारांच्या टोपलीतून मान वर करून म्हणाला. "पागोटं ओसरीतच ठेवलं आहे. माती कायले आनली?"

"बागीचं काम आहे जरासं."

"करा करा. बस यायले अजून घंटाभर आहे."

तो मोठ्या दारातून आत गेला. या वेळी थबकला नाही. साहेबाच्या खोलीत स्टुलावर चढून त्यानं पंख्याची गाठ सोडली. मग ओसरीत येऊन हातावर हात टाकत दोरी बाहेर ओढून घेतली. ती सळसळत आली. विहिरीवरची दोरी गुंडाळतात तशी त्यानं ती नीट गुंडाळली आणि पागोट्याशेजारी ठेवली. भोकात कालपासून पुन्हा एक खर्र्याची पन्नी आणि दोन विड्यांची थोटकं जमली होती. ती त्यानं काढली, आतली जागा ओल्या फडक्यानं पुसून घेतली. मग मातीचा गोळा घेऊन तो भोक भरायला लागला. आधी आत खोलवर, अंगठ्यानं दाबत दाबत, पोकळी राहू न देता. मग वरून. खालच्या काठावरची खाच त्यानं सगळ्यात शेवटी भरली. तिथे त्याचं बोट जरा वेळ थांबलं, मग त्यानं तीही भरली आणि तळहातानं लेप सारखा केला.

काम संपलं तेव्हा फाटकाशी बसचा हॉर्न वाजला.

नागपूरची चौदा माणसं होती. टोप्या, गॉगल, गळ्यात कॅमेरे. नारळाखाली फोटो झाले, नांगराशी झाले. हेमराजच्या सदऱ्याच्या खिशातून ऑर्डरचं पाकीट वर डोकावत होतं, आणि अधूनमधून तो ते दाबून पाहत होता. रुचितानं सगळ्या खोल्या दाखवल्या, आरसा दाखवला. अश्वजित तोवर बागेतल्या नळापाशी येऊन हात धूत होता. कोंडा नखात गेला की लवकर निघत नाही.

"आता आपलं स्पेशल अट्रॅक्शन!" ओसरीत येता येता हेमराज म्हणाला, आणि त्याचा आवाज बसला. भिंतीला टेकून कोणी बसलेलं नव्हतं. गुंडाळलेली दोरी होती, कोरं पागोटं होतं आणि भिंतीवर वीतभर जागेत ओला काळा लेप होता. बोटांच्या रेघा त्यावर दिसत होत्या.

"ये क्या है? लीकेज है क्या?" एका टोपीवाल्यानं विचारलं.

"नाही नाही, सर, दोन मिनिटं..." हेमराजचे कान लाल झाले होते. त्यानं कठड्यावरून वाकून खाली नळाकडे पाहिलं, दातओठ खाल्ले, मग रुचिताकडे वळून खालच्या आवाजात म्हणाला, "वाघाचं सांग. वाघाचं सांगून मोकळी हो. नाईतर तू अन् तुहा आबाजी, दोघंबी घरी."

रुचितानं हातातल्या कागदाकडे पाहिलं. वाघावरची ओळ पेनानं खोडली होती, तरी वाचता येत होती. तिनं कागदाची घडी घातली, आणखी एक घडी घातली.

"इथे भिंतीत एक भोक होतं," ती म्हणाली. आवाज तिचा नेहमीचाच, पुस्तकातल्यासारखा स्वच्छ. "पंख्याच्या दोरीचं. इथे माझे पणजोबा बसायचे."

खाली अश्वजितनं मान वर केली नाही. पण नळ बंद केला, म्हणजे पाण्याच्या आवाजात काही बुडायला नको.

"यादोराव मेश्राम त्यांचं नाव. नऊ वर्षं त्यांनी इथे बसून दोरी ओढली. छप्पन साली त्यांनी ती सोडली. सोडल्याबद्दल त्यांना खाणीत खाली पाठवलं. ते पुन्हा वर आले नाहीत, पण दोरीही त्यांनी पुन्हा धरली नाही."

कॅमेरे गळ्यातच राहिले. हेमराजनं खिशातलं पाकीट बोटानं आत ढकललं, दिसणार नाही इतकं आत. रुचितानं ते पाहिलं. गॉगल कपाळावर सरकवून एक बाई पुढे झाली आणि तिनं भिंतीकडे बोट नेलं, पाहू तरी काय आहे म्हणून.

रुचिता मध्ये आली. आता तिची भाषा पुस्तकातली राहिली नव्हती.

"ओलं आहे जी," ती म्हणाली. "हात नोका लावू."